जळला तो वसंत नव्हे

होळी होऊन सात-आठ दिवस लोटले होते. कर्जत तालुक्यातल्या खांडस गावातून भीमाशंकरच्या वाटेला आम्ही लागलो तेव्हा पूर्वेकडची सह्याद्रीची भिंत अजून काळसर आणि सपाट दिसत होती; गावाच्या कडेला होळीच्या जागी राखेचे एक मोठे वर्तुळ होते, त्यात अर्धवट जळालेला एक बुंधा आडवा पडला होता, आणि राखेवरून रात्री चालून गेलेल्या कुठल्याशा कुत्र्याच्या पावलांची सरळ रांग पलीकडच्या शेताकडे गेली होती. सोबतीला माझे एक जुने स्नेही होते. पाठीवरच्या पिशवीत दशम्या, गूळ, चार काकड्या आणि पुरेसे पाणी. मनात कोणताही संकल्प नाही. नवस फेडायचा नव्हता, व्रत नव्हते, पर्वणी नव्हती. महाशिवरात्रीची गर्दी सरून महिना होत आला होता आणि श्रावणातली गर्दी फार दूर होती. सूर्य डोक्यावर येण्यापूर्वी माथा गाठावा आणि दिवेलागणीला परत खाली यावे, एवढाच बेत.

खांडसहून वर जाणाऱ्या वाटा दोन. शिडीच्या घाटाची वाट उभ्या कातळातून, लोखंडी शिड्यांवरून, थोडक्यात वर नेते. गणपती घाटाची वाट डोंगराला वळसे घालीत, गणपतीच्या लहानशा देवळावरून, सावकाश चढते. दोन्ही वाटा वर पदरावर एकत्र येतात. डोंगराचा पायथा आणि माथा यांच्या मधोमध जो सपाटीचा टप्पा असतो त्याला या मुलखात पदर म्हणतात, आणि हा शब्द ज्याने प्रथम योजला त्याने सह्याद्रीकडे आईच्या खांद्याकडे पाहावे तसे पाहिले असावे असे मला नेहमी वाटत आले आहे. आम्ही गणपती घाटाने गेलो. पदरावर पोचलो तेव्हा समोरून एक वृद्धा डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन उतरत होती. वाट अरुंद, म्हणून आम्ही कडेला उभे राहिलो. तीही थांबली.

“देवाला निघालात का, दादा?”

“नाही आजी,” मी म्हणालो, “नुसतं चालायला.”

“नुसतं म्हंजे?”

मी काही तरी बोलेन म्हणून ती क्षणभर थांबली, मग मोळीचा तोल सावरून उताराला लागली. तिच्या प्रश्नात कुचेष्टा नव्हती. ज्या वाटेने तिची आई, आजी आणि पणजी लाकूड, धान्य आणि मीठ वाहत आल्या, त्या वाटेवर चालण्याला काही कारण नसावे ही गोष्ट तिला खरोखरच उमगली नव्हती. आणि खरे सांगायचे तर त्या क्षणी मलाही ती उमगली नाही. यात्रेला फळ असते, व्यापाराला नफा असतो, मोळीला चूल असते; ‘नुसते’ चालण्याच्या पलीकडच्या टोकाला काय असते?

हा प्रश्न मी दिवसभर वाहत होतो आणि पुढेही त्याने माझी पाठ सोडली नाही. कारण तो निव्वळ करमणुकीचा प्रश्न नाही. वसंतातल्या एका दिवसाचा, डोंगरातल्या एका पाऊलवाटेचा जो आनंद, त्याचे धर्माच्या दप्तरात नाव काय आणि ते कोणत्या सदरात मांडायचे? तो भोग आहे की उपासना? तो इंद्रियांच्या हवाली झालेल्या मनाचा उनाडपणा आहे, की संसाराच्या तगाद्यातून एक दिवसापुरते सुटलेल्या मनाचे वानप्रस्थ?

प्रथम हे सांगितले पाहिजे की सह्याद्रीतला वसंत पुस्तकातल्या वसंतासारखा नसतो. ज्याने केवळ काव्यांतून वसंताची ओळख करून घेतली त्याला फाल्गुनातला हा डोंगर उजाडच वाटेल. गवत वाळून पिवळे आणि ठिसूळ झालेले, ओढे आटून त्यांच्या जागी गोट्यांच्या रांगा राहिलेल्या, पावसाळ्यात ज्या कारवीच्या दाटीतून वाट काढावी लागते तिचे नुसते करडे दांडे उभे असलेले, आणि पायाखाली वाळल्या पानांचा इतका आवाज की दोघे चालत असले तरी दहाजण चालल्याचा भास व्हावा. उतारावर घसारा असतो. पाऊल टाकले की बारीक खडे आपल्याआधी खाली निघतात. पाण्याचा पत्ता नाही आणि नेमक्या याच दिवसांत, नेमक्या याच कोरड्या अंगावर, झाडे फुलतात. पळसाला एक पान नसते आणि फांदी न् फांदी केशरी झालेली असते. पांगाऱ्याचे तसेच. कातळाच्या कपारीत, जिथे मूठभर माती सापडणार नाही तिथे, पर्णहीन सोनसावर पिवळीधमक फुले घेऊन उभी असते. करवंदीच्या काटेरी जाळ्या पांढऱ्या फुलांनी भरून जातात आणि त्यांचा वास आधी येतो, जाळी नंतर दिसते. पायथ्याच्या रानात पहाटे मोहाची फुले टपटप गळतात. वर पदराजवळच्या गर्द रानात अंजनीच्या खोडा-फांद्यांना निळ्या-जांभळ्या फुलांचे झुबके लगडतात, आणि कुसुंबाची नवी पालवी इतकी लाल असते की लांबून पाहणाऱ्याने तिला फूलच समजावे.

हे का होते, याचे उत्तर वनस्पतिशास्त्राने दिलेले आहे आणि ते सुंदर आहे. पाणी आटले की पान परवडत नाही. पानावाटे ओल उडून जाते, म्हणून झाड पाने गाळून टाकते. पान नसले की फूल झाकले जात नाही, आणि ज्या मैना, बुलबुल, शिंजीर त्याच्या मधासाठी येतात त्यांना ते दुरून दिसते. पराग एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जातो. कोवळ्या पानातला तांबडा रंग त्याचे कडक उन्हापासून रक्षण करतो. सारांश, या साऱ्या शोभेत आमच्यासाठी केलेले असे काहीही नाही. पळस फुलतो तो पाखरांसाठी आणि आपल्या बीजासाठी. वाटसरू त्या व्यवहारात साक्षीदारही नसतो. कोणी त्याला बोलावलेले नसते.

ही जाणीव मला एकेकाळी खिन्न करी. आता करीत नाही. पंगतीचे आमंत्रण नसता दारातून जाताना यजमानाच्या घरचा दरवळ अंगावर यावा आणि त्याबद्दल कोणी आपल्याला जाबही विचारू नये, अशा जातीचे हे सुख आहे. त्यावर आपला हक्क नाही, हीच त्याची गोडी.

आपल्या परंपरेला मात्र वसंत हे प्रकरण एवढे साधे वाटलेले नाही. तिने त्याच्याविषयी दोन साक्षी नोंदवून ठेवल्या आहेत आणि त्या परस्परांना छेद देतात. गीतेच्या दहाव्या अध्यायात भगवंत आपल्या विभूती सांगत असता पर्वतांत मेरूचे, स्थावरांत हिमालयाचे नाव घेतात, आणि ऋतूंपैकी वसंताला आपले रूप म्हणतात. महिन्यांत मार्गशीर्ष आणि ऋतूंत वसंत, अशी ती निवड आहे. या साक्षीप्रमाणे फुललेल्या डोंगरावर चढणारा माणूस, त्याला ठाऊक असो वा नसो, दोन विभूतींच्या सान्निध्यात असतो. परंतु दुसरी साक्ष कालिदासाची आहे. ‘कुमारसंभवा’च्या तिसऱ्या सर्गात हाच वसंत मदनाचा सखा होऊन हिमालयातल्या शिवाच्या तपोवनात शिरतो, अवेळी अशोक आणि आंबा फुलवतो, भुंग्यांना आणि हरिणांना विव्हल करतो. नंदी ओठांवर बोट ठेवून गणांना दटावतो तेव्हा सारे रान चित्रासारखे स्तब्ध होते. पण मदन आत पोचलेला असतोच. तो धनुष्याला बाण लावतो, शिवाचे चित्त क्षणमात्र ढळते, आणि पुढच्या क्षणी तृतीय नेत्रातल्या अग्नीने मदनाचे भस्म होते. पहिल्या साक्षीत वसंत हा देव आहे, दुसरीत देवाच्या तपाला विघ्न. मोळी घेऊन उतरणाऱ्या त्या आजीने जो प्रश्न मला विचारला तोच या दोन ग्रंथांमध्ये उभा आहे.

मदनदहनाची कथा लहानपणी ऐकली तेव्हा एक गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती, आणि पुष्कळ वर्षे डोंगर हिंडल्यावर ती आली. त्या वनात अपराधी दोन होते. मदन होता आणि वसंत होता. किंबहुना पूर्वतयारी सारी वसंताची होती. आग मात्र एकालाच लागली. पुढच्या सर्गात रती विलाप करते तेव्हा तिच्यासमोर हाच वसंत, धडधाकट, मित्राच्या शोकाने व्याकूळ होऊन येतो. ज्या अग्नीपुढे काम टिकला नाही त्या अग्नीने फुललेल्या वनाचे एक पानही करपवले नाही. कवीला हे सहज सुचले असेल वा त्यामागे त्याचा काही विचार असेल. मला मात्र त्यात या प्रश्नाचा निवाडा दिसतो. शिवाने वैर धरले ते ऋतूशी नव्हे.

आणखी एक गोष्ट. त्या तपोवनात आलेला वसंत आपल्या वेळी आला नव्हता. इंद्राला तारकासुराच्या वधासाठी शिवपुत्र हवा होता, आणि त्या कामगिरीवर मदनाबरोबर वसंताची रवानगी झाली होती. तो हुकमाने आलेला, राजकारणात गुंतवलेला, एका हेतूच्या दिमतीला लावलेला वसंत होता. तप भंगले ते फुलांनी नव्हे. फुलांना कामाला लावल्यामुळे भंगले. ऋतू आपल्या वेळी, आपल्या कारणाने आला तर तो कोणाच्याही ध्यानात व्यत्यय आणीत नाही. याच सह्याद्रीच्या गुहांतून आणि घळींतून शतकानुशतके साधक बसत आले. त्यांच्या भोवतीही दरवर्षी पांगारा फुलतच होता.

हा निवाडा मला ग्रंथातून मिळाला असता तर त्याची मातब्बरी मी एवढी सांगितली नसती. तो मला माझ्याच रोजनिशीने शिकवला. तरुणपणी आम्ही गडांवर जात असू तेव्हा ‘गड सर केला’ असे म्हणत असू, आणि हा शब्द फौजेच्या दप्तरातला आहे याचा आम्हांला अभिमान वाटे. सोमवारी सकाळी रोजनिशीत नोंद पडे: अमुक गड, अमुक वाट, चढाईला लागलेला वेळ, आणि डावीकडच्या समासात अनुक्रमांक. तो अनुक्रमांक वाढत गेला तसतसा माझा डोंगर लहान होत गेला. जीवधनच्या माथ्यावर उभा असताना माझे डोळे पलीकडच्या डोंगराच्या हिशेबात गुंतलेले. नाणेघाटात सातवाहनांच्या लेण्यात, नागनिकेच्या काळची ती दोन हजार वर्षांपूर्वीची ब्राह्मी अक्षरे समोर असताना, मी घड्याळ पाहत होतो. घाटाच्या तोंडाशी जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण आहे. त्याच्या शेजारी उभे राहून मी दरवेळी आपली वसुली मोजीत होतो, हे मला त्या वेळी कळले नाही.

एका फाल्गुनात पायाला दुखापत झाली म्हणून आम्ही ठरलेला गड सोडून दिला आणि त्याच्या पायथ्याच्या रानात, एका कुसुंबाखाली, सबंध दुपार बसून राहिलो. काहीच मिळवायचे नव्हते. तांबट पक्ष्याचा तो ठोके दिल्यासारखा एकसुरी आवाज, वाऱ्याने उलटी होणारी लाल पालवी, तिच्यातून खाली येणारे तांबूस ऊन, आणि आमच्या बसण्याकडे संपूर्ण दुर्लक्ष करून पानगळीत काही शोधत फिरणारी सातभाईंची टोळी. संध्याकाळी उठलो तेव्हा मला स्पष्ट जाणवले की ज्या गडांची नावे रोजनिशीत होती त्यांपैकी एकाही गडावर मी या झाडाखाली होतो तसा नव्हतो. त्या सोमवारी नोंद केली नाही. पुढेही केली नाही. माझ्यातला जो मदन होता तो फुले तोडणारा नव्हता, मोजणारा होता; आणि तो जळाल्यावरही डोंगर होते तसेच राहिले, किंबहुना तेव्हाच ते प्रथम दिसू लागले.

या अनुभवाला मराठीत ज्याने तत्त्वज्ञानाचे अधिष्ठान दिले तो ज्ञानदेव होय, आणि ते ज्ञानेश्वरीत जेवढे आहे त्याहून अधिक उघडपणे ‘अमृतानुभवा’त आहे. जग मिथ्या, ते अज्ञानाने भासते, म्हणून त्याकडे पाठ फिरवा, असे म्हणणाऱ्यांचा प्रतिवाद करण्यासाठी त्याने त्या ग्रंथाच्या सातव्या प्रकरणात अज्ञान नावाची वस्तूच उभी राहू शकत नाही हे किती परींनी दाखवले आहे! दिसणारे हे विश्व चैतन्याचा आभास नसून त्याचा विलास आहे. जाणणाराच जाणले जाणारे होऊन आपल्याला भेटतो. ग्रंथाचा आरंभ शिव आणि शक्ती यांच्या अशा दांपत्याने होतो की ज्यात भोगणारे कोण आणि भोग्य कोण हे वेगळे काढता येत नाही. आणि नवव्या प्रकरणात, मुक्ताची दशा सांगताना, विषय आणि इंद्रिय यांच्यामधली भिंतच पडून जाते. करवंदीचा वास वाऱ्याबरोबर आला आणि आपण चालता चालता थांबलो, त्या पहिल्या क्षणात, म्हणजे ‘हा करवंदीचा वास’ असे नाव मनात उमटण्याच्या आधीच्या क्षणात, वास घेणारा असा कोणी वेगळा नसतो. नंतर तो येतो. नाव घेतो, मागच्या वर्षीची आठवण काढतो, पुढच्या वर्षाचा बेत करतो. त्या अर्ध्या क्षणाच्या बळावर आपल्याला मुक्ताची दशा कळली असे म्हणण्याचे धार्ष्ट्य मी करणार नाही. पण ज्ञानदेव ज्या घराविषयी बोलतो आहे त्याच्या अंगणाची माती पायाला लागली एवढे म्हणायला हरकत नाही.

येथवर विचार आला की मला त्या आजीच्या डोक्यावरची मोळी आठवते, आणि सगळा सिद्धान्त पुन्हा जमिनीवर येतो.

कारण ज्या वाटेवरून मी निर्हेतुक चालतो ती वाट हेतूनेच पडली आहे. कोकणातले मीठ आणि भात वर, देशावरचे धान्य खाली, असा शतकांचा जो राबता या घाटांनी पाहिला त्याच्या पायांनी ती मळली. पदरावरच्या आणि माथ्यावरच्या वाड्यांतून ठाकर आणि महादेव कोळी राहतात. हिरडा वेचणे, लाकूड आणणे, उतारावर राब भाजून नाचणी-वरईची खाचरे तयार करणे, हा त्यांचा वसंत. माझी सुट्टी त्यांच्या कष्टाच्या हंगामात येते. मी पाठीवर मुद्दाम थोडे वजन घेऊन चढतो आणि त्यात मौज मानतो. तिच्या डोक्यावरचे वजन तिने निवडलेले नाही. यावर कोणी म्हणेल की मग हा आनंदच अपराध आहे. मला ते पटत नाही. आनंद सोडून दिल्याने मोळी हलकी होत नाही. परंतु आनंदाबरोबर ऋण येते, आणि आपल्या शास्त्रांनी माणूस जन्मतःच ऋणको असतो असे जे सांगितले आहे त्याचा अर्थ मला ग्रंथांपेक्षा या वाटेवर अधिक कळतो. देवांचे, ऋषींचे, पितरांचे ऋण आहेच; ज्यांच्या पायांनी वाट पडली आणि ज्यांच्या संयमाने रान राहिले त्यांचेही आहे.

संयम हा शब्द मी जाणून वापरतो. भीमाशंकरच्या परिसरात, आणि सगळ्या पश्चिम घाटातच, गावोगावी देवरायांचे तुकडे राखलेले आहेत. देवाच्या नावाने सोडलेल्या त्या रानातली काटकीही चुलीला न्यायची नाही असा दंडक, आणि तो पाळला जातो सरकारी परवान्याच्या भयाने नव्हे. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी 1970 च्या दशकात या देवरायांचा अभ्यास करून त्यांचे मोल शास्त्रज्ञांच्या नजरेस आणले; ज्यांनी त्या राखल्या त्यांना ते आधीच ठाऊक होते. सरकारने 1985 मध्ये भीमाशंकरचे अभयारण्य केले, आणि शेकरू, म्हणजे ती तांबूस, झुपकेदार शेपटीची मोठी खार, आज महाराष्ट्राचा राज्यप्राणी म्हणून मिरवते. परंतु तिला उडी मारायला एकमेकांना भिडलेले शेंडे शिल्लक राहिले ते फार जुन्या करारामुळे. उलट बाजूही सांगितली पाहिजे. याच दिवसांत डोंगरांना वणवे लागतात. बहुतेक माणसाच्या हातचे असतात. कधी पुढच्या पावसाळ्यात गवत चांगले यावे या समजुतीने, कधी राबाची आग हातची सुटल्यामुळे, आणि कधी आमच्यासारख्या हौशी पांथस्थाने विझवली असे समजून सोडलेल्या चुलीमुळे. जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्यांची घरटी, सरडे, रोपे, सारे जाते. एका बाजूला पळसाचा अग्नी, ज्याने काहीच जळत नाही, आणि त्याच सोंडेच्या दुसऱ्या अंगाला काळी पडलेली, धुमसणारी उतरण, हे दृश्य मी एकदा पाहिले आहे. तेव्हापासून डोंगरात मी चूल पेटवीत नाही.

त्या दिवशी आम्ही माथा गाठला तेव्हा अकरा वाजून गेले होते. पायथ्यापासून जवळजवळ 800 मीटरांची ती चढण. शेवटच्या टप्प्यात रान दाट होते आणि उन्हाने तापलेले अंग त्या गारव्यात एकदम निवते. देवळात गर्दी नव्हती. चिमाजी अप्पांनी 1739 च्या वसईच्या मोहिमेनंतर आणून वाहिली असे सांगतात ती फिरंगी घंटा पाहिली, आणि गाभाऱ्यात जाऊन दर्शनही घेतले. आजीला ‘देवाला नाही’ असे सांगून आलो होतो. पण दारापर्यंत येऊन आत न जाण्याचा ताठा मला कधी जमला नाही. बाहेर येऊन भीमेचे उगमस्थान पाहिले. पावसाळ्यात या डोंगरावर इतके पाणी असते की माणसाचा शब्द माणसाला ऐकू येत नाही. आता तिथे जेमतेम ओल होती. हीच नदी पंढरपुराला चंद्रभागा होते, 861 किलोमीटर वाहून कृष्णेला मिळते. त्रिपुरासुराशी झुंजून थकलेला शिव या डोंगरावर विसावला तेव्हा त्याच्या अंगाच्या घामाची ही नदी झाली, अशी इथली आख्यायिका आहे. माझा सदरा पाठीला चिकटला होता. देवालाही चढणीचा घाम यावा आणि त्या घामाला तीर्थ मानावे, हे ज्या लोकांना सुचले त्यांना शरीराची लाज वाटत नसली पाहिजे.

उतरताना पदरावर ती आजी दिसली नाही. तिचे घर कोणते हेही विचारून ठेवले नव्हते.

पुढे चैत्र लागला आणि शुद्ध द्वादशीला मी शिखर शिंगणापूरला गेलो. सातारा जिल्ह्याच्या माण तालुक्यातला हा शंभू महादेवाचा डोंगर. भोसल्यांचे कुलदैवत, मालोजीराजांनी जिथे यात्रेकरूंसाठी तळे बांधले ते ठिकाण. चैत्र शुद्ध अष्टमीला येथे शिवपार्वतीचे लग्न लागते. माझ्या विचारांच्या ओघात मला हे विसरायला झाले होते, की मदन जाळणारा तो योगी शेवटी वसंतातच बोहल्यावर उभा राहतो, निदान आपल्या लोकांनी त्याच्या लग्नाला मुहूर्त वसंतातला काढला आहे; आणि त्या वऱ्हाडाला लाखो माणसे, चैत्राच्या उन्हात, डोंगर चढून येतात. लग्नानंतर चार दिवसांनी गावोगावच्या कावडी देवाच्या स्नानासाठी पाणी घेऊन मुंगी घाटाने वर चढतात. त्यात सासवडहून येणारी संत भुतोजी तेली यांची मानाची कावड असते. मुंगी घाट म्हणजे घाट कसला, दरडच ती; उभा कातळ, सुटे दगड, आणि सावलीला झाड नाही. पाण्याने भरलेले जड हंडे, वर उंच सजवलेली काठी, आणि तो सारा डोलारा सरळ वर न्यायचा. माणसे साखळी करतात. एक दुसऱ्याला धरतो, दुसरा तिसऱ्याला. वरचे ओढतात, खालचे रेटतात, आणि देवाला एकेरीत, घरच्या माणसाला घालावी तशी, ‘म्हाद्या’ अशी हाक घालतात.

मी कडेच्या एका खडकावर उभा होतो. खाली पसरलेला वाळका माळ, त्यात मधेच एखादा पालवलेला निंब, धुळीतून वर सरकणारी कावडीची झूल. मला तो देखावा डोळे भरून पाहायचा होता आणि मी पाहत होतो. कावड माझ्या पातळीला आली, तिथे अडली. घामाने निथळणारा एक मध्यमवयीन शेतकरी, साखळीच्या शेवटचा, माझ्याकडे वळला.

“नुसतं बघताय काय, पाव्हणं? हात द्या की.”

मी खाली उतरून त्याचा हात धरला. तो हात खरखरीत आणि ओला होता. वरून हाक आली, सगळी रांग एकदम ताणली गेली, आणि हंड्यातले थोडे पाणी हिंदकळून आमच्या मनगटांवर पडले.